स्वच्छ माती

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधली एक नवी सून मला मोबाईलवर काहीतरी दाखवायला आली. मातीच्या वड्या होत्या. खायच्या. छान पाकिटात भरलेल्या, पाकिटावर हिरवं पान काढलेलं आणि खाली लिहिलेलं की ही माती नैसर्गिक आहे, निवडलेली आहे, भाजलेली आहे. आपण लपूनछपून कुंड्यांतली ढेकळं खातो, हे तिने मला आदल्याच दिवशी जिन्यात हळूच सांगितलं होतं. आता तिचं म्हणणं एवढंच होतं की कुंडीपेक्षा हे बरं ना, काकू. स्वच्छ तरी आहे.

मी तिला सांगितलं, आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घे आणि हे पाकीट अजिबात मागवू नकोस. ती म्हणाली, "पण नैसर्गिक आहे." जंतसुद्धा नैसर्गिकच असतात, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण तिच्या हातात चहाचा कप होता म्हणून गप्प बसले. मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं उचलायचं म्हटलं तरी मी तोंड फिरवते. त्यात मातीला कुणी स्वच्छ म्हटलं की मला आमचं रत्नागिरीजवळचं जुनं घर आठवतं, आणि वहिनीच्या ओठांच्या कोपऱ्यात सुकलेली ती तांबूस रेघ.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी बारावी होऊन घरी बसले होते. डी.एड.ला नंबर लागला नव्हता आणि पुढच्या वर्षी लागेल या आशेवर आईच्या हाताखाली भांडी घासत होते. घरात आई, मी आणि वहिनी अशा तिघीच. वडील मी लहान असतानाच गेलेले. भाऊ मुंबईला कंपनीत कामाला होता, तो वर्षातून दोनदा यायचा, मे महिन्यात आणि गणपतीला. वहिनी दापोलीकडच्या एका खेड्यातली. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते, पण तिसऱ्याच महिन्यात ते मूल राहिलं नाही. त्यानंतर ती फार बोलेनाशी झाली होती. त्यामुळे या मेमध्ये भाऊ येऊन गेला आणि पुढे आषाढात वहिनीला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा आईने आनंद बाहेर दाखवला नाही, पण तिला विहिरीवर जाऊ देईना. हे मूल जगलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्या घरात त्या वर्षी महत्त्वाची होती. बाकी भात लागला काय आणि करपला काय.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर वहिनी चुलीच्या आडोशाला पाठमोरी बसलेली. मला वाटलं, सुकी मासळी भाजते आहे. मग आवाज ऐकला. भातात खडा लागला की दाताखाली जो आवाज येतो ना, तो, पण थांबतच नव्हता. मी पुढे होऊन बघितलं. तिने चुलीच्या कडेचा टवका नखाने काढला होता आणि ती तो चावत होती. डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर इतकं सुख होतं की ते बघूनच मला जास्त ओकारी आली. हनुवटीवरून तांबडी लाळ ओघळली आणि ती तिने मनगटाने पुसून पुन्हा चाटली.

मी तशीच मागीलदारी गेले आणि खरोखर ओकले. मग आईला सांगितलं. मला वाटलं होतं, आई आता वहिनीला फैलावर घेईल. आई हसली.

"मातीच ना खाल्लीन? खाऊ दे गो. डोहाळे हायत ते. मना तुझ्या वेळी लागले नव्हते काय?"

म्हणजे माझ्याही अंगात थोडी माती आहे तर, हे कळून मला आणखीच शिसारी आली. मी म्हटलं, "अगं, पण चुलीची माती? त्यात राख, तेल, झुरळं, सगळंच आहे."

"ता खरां," आई म्हणाली. "चुलीची नको. स्वच्छ देऊया."

इथून आमच्या घरात स्वच्छ मातीचा शोध सुरू झाला. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात, यावर आईचा काडीचाही संशय नव्हता. आधीचं एक गेलेलं, त्यात या वेळी कसली म्हणून कसर तिला ठेवायची नव्हती. वाडीतल्या बायकांना कळलं आणि त्यांनाही उत्साह आला. कैऱ्या आणि चिंचा पुरवण्यात काय ते नावीन्य. एक म्हणाली, वारुळाची द्या, वाळवीने ती चाळून वर आणलेली असते. दुसरी म्हणाली, वारुळात साप असतो, त्यापेक्षा भिंतीची द्या. तिसरीने सांगितलं, कुठलीही द्या, पण खापरीवर भाजून द्या, भाजलं की सगळं शुद्ध होतं. खमंगही लागते म्हणे. या बायका एरवी तांदळात एक किडा निघाला तर दुकानदाराच्या सात पिढ्या काढायच्या.

शेवटी ठरलं की पऱ्याच्या, म्हणजे वाडीजवळच्या ओढ्याच्या, काठची चिकणमाती आणायची. ती मऊ असते, तिच्यात खडा नसतो आणि गणपतीसुद्धा त्याच मातीचे करतात. आणायचं काम अर्थात माझ्याकडे. आता पऱ्याचा तो काठ म्हणजे काय, तर सकाळी उजाडायच्या सुमारास अख्खी वाडी टमरेल घेऊन ज्या बाजूला जायची, ती बाजू. मी आईला हे स्पष्ट शब्दांत सांगितलं.

"वरची काढून खालची आण," आई म्हणाली. "खाली कोण जातोय?"

मी नाकाला पदर बांधून ती माती खणून आणली. आईने ती वस्त्रगाळ केली, तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या, खापरीवर भाजल्या आणि चक्क लोणच्याच्या बरणीत भरल्या. वहिनी रोज दुपारी त्यांतली एक घ्यायची. मग दोन. मग बरणी दोन दिवसांत संपायला लागली. मी तिच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं. तिच्या दातांच्या फटीत ती माती बसलेली असायची आणि ती हसली की मला भाताचा घास गिळवायचा नाही. जेवण तिचं मात्र कमी कमी होत गेलं. मासळी नको, भाजी नको, माती हवी. श्रावण येईपर्यंत तिचा रंग उतरून पिठासारखा झाला. पाण्याची कळशी उचलली की तिला धाप लागायची.

गावात फिरणारी नर्स लोहाच्या गोळ्या देऊन गेली होती, तिनेच वहिनीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि रत्नागिरीला न्या म्हणाली. तिथल्या बाईडॉक्टर तोंडाच्या फटकळ होत्या. त्यांनी वहिनीची नखं बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, "माती खातेस ना?"

आई कौतुकाने म्हणाली, "खाते हो. पण आम्ही स्वच्छ देतो. गाळून, भाजून देतो."

त्या बाई आईकडे बघतच राहिल्या. माझी खात्री आहे, त्यांना इतकी वर्षं रोगी बघूनही हे नवीन होतं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आईला समजावलं. अंगात रक्त कमी झालं की काही बायकांना माती, राख, कच्चे तांदूळ असलं खावंसं वाटतं. तो आजार आहे, कौतुकाची गोष्ट नाही. आणि ती माती पोटात गेली की अन्नातलं आणि गोळ्यांतलं लोह ती धरून ठेवते, अंगाला लागू देत नाही, म्हणजे रक्त आणखी कमी आणि भूक आणखी मोठी. मातीतून जंतांची अंडी जातात ती वेगळीच. "आणि भाजून काही अंडी मेली, तरी मातीत जे विस्तवाने जळत नाही ते तसंच राहतं. कुठली माती खाल्ली तर चालेल, हे मला विचारू नका. कुठलीच नाही. आणि हिला ओरडूही नका, ती मुद्दाम करत नाही. हिला रक्त नसेल तर त्या पोराला कुठून येणार?"

घरी आल्याबरोबर आईने ती बरणी उचलली आणि मागच्या दगडावर आपटून फोडली. दुसऱ्या दिवसापासून तिने चूल, भिंतीचे कोपरे, जोत्याची कड, जिथे म्हणून नख लागेल तिथे शेणाचा जाड हात दिला. शेण लावलेलं तर कुणी खाणार नाही. घरभर ओल्या शेणाचा वास भरून राहिला आणि मी ओटीवर झोपायला लागले. वहिनीने देवासमोर हात जोडून सांगितलं, आता नाही खाणार. ती रडली. आईसुद्धा रडली. मला वाटलं, सुटलो.

मग गणपती आला. आमच्याकडे पाट देण्याची पद्धत आहे. दर वर्षी घरचा तोच लाकडी पाट, वर नारळ ठेवून, गावातल्या गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा. जिथे गणपती घडवतात त्या पडवीला आमच्याकडे शाळा म्हणतात. आपल्याच पाटावर आपला गणपती बसवलेला असतो, तो चतुर्थीला उचलून आणायचा. त्या वर्षी वहिनी हट्टाने माझ्याबरोबर शाळेत आली आणि ओल्या मातीच्या ढिगाशेजारी उभी राहून मोठमोठे श्वास घेत राहिली. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

भाऊ आला, आरत्या झाल्या, गौरी झाल्या. गणपती पोचवायचा, म्हणजे विसर्जनाचा, दिवस आला तेव्हा आई म्हणाली, पोचवायचा नाही. घरात पोटुशी बाई असली की गणपती पोचवत नाहीत, बाळंतपण होईपर्यंत घरातच ठेवतात. आमच्याकडे पूर्वापार हेच आहे आणि या खेपेला तर आई ते मोडणं शक्यच नव्हतं. देवावर टांगलेली फळापानांची मंडपी उतरवली, मखर सोडवलं आणि गणपती पाटासकट माजघराच्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवला. भाऊ मुंबईला गेला. रोजची पूजा कोण करणार हा प्रश्न होता. वहिनी म्हणाली, मी करते.

आणि तिने केली, मनापासून केली. सकाळी अंघोळ करून जास्वंदी काढायची, दुर्वा निवडायची, दिवा लावायची. दुपारी सगळे लवंडले की ती माजघरात देवापुढे बसलेली असायची. वाडीतल्या बायका तोंडभरून कौतुक करायच्या, की बघा, डोहाळे कसे देवावर गेले. लोहाची गोळीही ती रोज आईच्या हातून घेऊन देवाला दाखवायची आणि मग खायची. आईचा जीव भांड्यात पडला. पूजा झाली की वहिनी तांब्याच्या पळीने आम्हा दोघींना तीर्थ द्यायची.

त्या तीर्थात गाळ यायला लागला. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. मग एके दिवशी जिभेला कचकन लागलं. मी आईला म्हटलं तर ती म्हणाली, विहिरीला गाळ आला असेल. दुपारी माजघरातून खरवडल्याचा आवाज यायचा, त्यावर आईने ठरवलं की उंदीर झालेत. तिने कोपऱ्यात सापळा लावला, त्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवला आणि देवाला सांगितलं, तुझं वाहन आहे हे मला माहीत आहे, पण भात खातंय. उंदीर काही सापडला नाही. वहिनीचा चेहरा मात्र दिवाळीपर्यंत पुन्हा पांढराफटक झाला, पाय सुजले, आणि जिने चढल्यासारखी ती सपाट जमिनीवर दमायला लागली. आई म्हणायची, गोळ्या तर घेते, माती तर सोडली, मग असं का?

दिवाळी झाल्यावर एका दुपारी आई शेजारी गेली होती आणि वहिनी न्हाणीत होती. मी माजघर झाडायला घेतलं. गणपतीच्या पाटाखाली मुंग्यांची रांग दिसली म्हणून मी दिवा बाजूला केला, देवाला नमस्कार केला आणि पाट हळूच फिरवला.

गणपतीला पाठ नव्हती. समोरून सोंड, डोळे, पितांबर, सगळं जिथल्या तिथे. मागे खांद्यापासून बैठकीपर्यंत पोकळ. कडेला फिकट गुलाबी रंगाचे पोपडे लोंबत होते, आणि आतल्या मातीवर आडव्या रेघा होत्या, पळीच्या. ती तीर्थाची पळी तिथेच आत ठेवलेली होती. आत ओल होती. थुंकी लावून माती भिजवलेली असावी, कारण तिला आंबूस वास येत होता, दात न घासलेल्या तोंडासारखा. तळाला लोहाच्या गोळ्या साठल्या होत्या, आईने रोज हातात दिलेल्या. ओलीने त्या विरघळून त्यांचा काळपट तांबडा चिकटा झाला होता आणि मुंग्या त्याला वळसा घालून पलीकडे सोललेल्या मातीकडे जात होत्या.

मी रोज त्या पळीने तीर्थ घेतलं होतं. माझ्या घशात ती पळी, ती थुंकी, तो गाळ एकदम परत आला. मी तोंडावर हात दाबून पुढच्या अंगणात, खळ्यात धावले आणि पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. इतकी किळस मला आयुष्यात पुन्हा कशाची आली नाही. आणि त्या किळसेत भीतीही होती, कारण तो गुलाबी रंग कसला होता कोण जाणे.

मागे वळले तर वहिनी ओल्या केसांनी माजघराच्या दारात उभी. फिरवलेला पाट तिने बघितला होता.

"लाज नाही वाटली?" मी ओरडले. "देव आहे तो. रंगासकट खाल्लास? पोटात पोर आहे ते तरी आठवलं काय?"

ती खाली बसली. रडलीसुद्धा नाही.

"रंग खरवडून टाकायची मी, वन्सं," ती म्हणाली. "नुसती माती खायची. दुसरी कुठली खाऊ? चुलीला शेण लावलात, भितीला शेण लावलात. ह्यालाच काय ता कुणी शेण लावलेलां नाय. कुणाचा पाय लागत नाय, कोंबडां जात नाय. आईंनीच सांगितलां होतां ना, खाशील तर स्वच्छ खा."

किळस गेली नव्हती. तिच्या नखांकडे बघवत नव्हतं. पण मला कळलं की ही बाई खोटं बोलत नाही, आणि थांबू शकत नाही. "तोंड मागतां," ती म्हणाली. "मी काय करू? मना भूक नसते. तोंड मागतां."

आई आली. मी तिला पाट दाखवला. ती भिंत धरून खाली बसली. मला वाटलं, आता गावकीला बोलावते, भटजींना बोलावते, काय करते कोण जाणे. तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. ते गाऱ्हाणं मी विसरलेले नाही.

"महाराजा, पोरीने तुला खाल्लान. तुला राग आला असेल तर तो माझ्यावर काढ, मीच तिला मातीची चव लावली. त्या पोटातल्या जिवाला हात लावू नको."

मग उठून तिने वहिनीला लुगडं बदलायला लावलं आणि दुपारच्या एस.टी.ने आम्ही रत्नागिरीला गेलो. एस.टी.च्या थांब्याकडे जाताना आई गणपतीच्या शाळेत शिरली. रंगात काय असतं, असं तिने तिथल्या म्हाताऱ्या मूर्तिकाराला विचारलं. तो म्हणाला, बाजारातली पूड असते, तिच्यात काय घालतात ते मला काय माहीत, खायची थोडीच असते. आईने त्यावर मान हलवली.

बाईडॉक्टरांना आईने सगळं सांगितलं, देवासकट. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की बोल लावला नाही. वहिनीला ठेवून घेतलं. रक्त चढवलं, कंबरेत लोहाची इंजेक्शनं दिली. ती टोचली की तिथली कातडी काळी पडायची आणि वहिनी उशीत तोंड खुपसायची. जंताचं औषध दिलं. दुसऱ्या सकाळी आयाने मला बोलावून वहिनीचं शौचाचं भांडं दाखवलं. लांब, पांढरट, गांडुळासारखे, आणि त्यांतले काही अजून वळवळत होते. ती आमची स्वच्छ माती. खालची माती. मी खणलेली, आईने वस्त्रगाळ केलेली, भाजलेली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्या दिवसापासून मी मातीबद्दल कुणाचंही चांगलं ऐकून घेत नाही.

घरी आल्यावर आईने आपला मुक्काम माजघरात हलवला. तांदूळ तिथेच निवडायचे, भाजी तिथेच चिरायची, झोपायचं तिथेच. देवाला राखण. पूजा माझ्याकडे आली, पळी मी नवी आणली आणि जुनी नदीत टाकली. लोहाची गोळी वहिनीने आईसमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं, असा नेम झाला. सुरुवातीला वहिनी नुसती येरझाऱ्या घालायची, ओल्या खळ्याकडे बघत बसायची. हळूहळू ते कमी झालं. ओठांना रंग आला. एक दिवस तिने आपणहून बांगड्याचं कालवण मागितलं आणि आई आत जाऊन डोळे पुसून आली. या सगळ्यातलं भावाला एका अक्षराने कळवलेलं नव्हतं. मुंबईत त्याचा जीव टांगणीला लागून तो काय करणार होता?

माघात मुलगी झाली. अगदी लहानशी, मांजराच्या पिल्लाएवढी, पण रडली खणखणीत. आईने पहिल्यांदा तिचे कान बघितले. पुढे सहाव्या महिन्यात, इतके डोहाळे पुरवूनही, त्यातला एक कान फुटलाच.

बारशाला भाऊ आला. दुसऱ्या दिवशी गणपती पोचवायचा ठरला. आईने पाठीमागच्या पोकळीत शेवंतीची फुलं भरली होती आणि वरून नवा पंचा गुंडाळला होता. भावाने पाट उचलून डोक्यावर घेतला आणि तो जागीच थांबला.

"आई, ह्यो हलका कसा लागतोय?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. आई म्हणाली, "सुकला रे. किती महिने झाले."

तो चार माणसांबरोबर नदीच्या कोंडीवर, खोल डोहापाशी गेला. आम्ही ओटीवर थांबलो. वहिनी मुलीला पाजत होती. गणपती पोचवून आल्यावर आमच्याकडे पाट रिकामा आणत नाहीत. जिथे देव सोडला तिथली मूठभर माती पाटावर घेऊन यायची, देवाच्या जागी ठेवायची आणि मग घराच्या चारी कोपऱ्यांत टाकायची. घरात भरभराट राहते म्हणतात. भाऊ पाट घेऊन ओटीवर चढला आणि रिवाजाप्रमाणे त्याने तो माजघराच्या उंबऱ्याशी ठेवला. पाटावर काळी, मऊ, ओली माती होती, नदीतून आत्ता काढलेली. तिचा वास ओटीवर पसरला.

वहिनीचा हात मुलीच्या डोक्यावर थांबला. ती जागची हलली नाही. तिने फक्त आवंढा गिळला. तिच्या गळ्याची ती हालचाल मी बघितली. मग बघितलं तर आईसुद्धा तिच्या गळ्याकडेच बघत होती.

आयुष्यात एकही रिवाज न मोडलेली माझी आई उठली. तिने पाट उचलला, मागीलदारी नेला आणि ती माती शेणाच्या खड्ड्यात झटकली. वरून दोन पाट्या शेण लोटलं. मग विहिरीवर पाट घासला, हात कोपरापर्यंत धुतले आणि कोरडा, रिकामा पाट आणून देवाच्या जागी ठेवला.

"आई, ता काय केलांस?" भावाने विचारलं.

"चहा घेतोस ना?" आई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आमच्या घरी अजूनही पाट रिकामा येतो. आई गेली, आता वहिनी तो तसाच आणायला लावते. भाऊ दर वर्षी विचारतो, आपल्याकडेच असं का, आणि दर वर्षी वहिनी त्याच्या हातातून पाट घेऊन आधी उलटा करून बघते.